बोटभर फट

आरसा धुरकटला. तळहाताएवढा गोल आरसा, लांब तारेच्या दांडीवर बसवलेला. त्या मुलीनं तो खोली तापवायच्या शेगडीच्या वरच्या जाळीपाशी धरला आणि लोरांदच्या डोळ्यांदेखत तो आधी कडांनी आणि मग मधोमध पांढरा होत गेला. "बघितलंत?" ती म्हणाली. लोरांदनं बघितलं होतं. पण सत्तरीच्या माणसाला, त्यातून छत्तीस वर्षं लोणच्याच्या बरण्या तपासण्यात घालवलेल्या माणसाला, एखाद्या पोरीनं असं 'बघितलंत?' म्हणून विचारलं की डोक्यात आधी राग जातो, बाकीचं सगळं मागनं. "वाफ आहे ती," तो म्हणाला. "सकाळी राजम्याचं सूप केलं होतं मी." "सूप स्वयंपाकघरात केलं असेल, काका. ही वाफ शेगडीच्या पोटातली आहे. गॅस जळला की वाफ होते, ती धुराड्यातनं वर जायची. इथं ती उलटी खोलीत येतेय. आणि एकटी येत नाहीये." "म्हणजे?" "म्हणजे तिच्याबरोबर जे विष येतं ते आरशात दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही. या डबीला कळतं." तिच्या कमरेला एक पिवळी डबी होती आणि डबीवरचा आकडा चढत चालला होता. तिनं तो एकदा बघितला, वाकून गॅसची कळ फिरवली, सरळ जाऊन त्याची नवीकोरी खिडकी सताड उघडली आणि पिशवीतनं चिमटा आणि शिशाचं सील काढलं. ऑक्टोबरातली नदीकाठच्या पेश्तची हवा, कोळशाच्या नाही तरी कसल्यातरी जुन्या धुराचा वास घेऊन, आत आली. लोरांदला आधी वाटलं ते हेच, की गेले दोन आठवडे जपून ठेवलेली ऊब चालली.

तिचं नाव चेंगे. पंचविशीची असेल, फार तर तिशीची. काळा डगला, काळी टोपी, खांद्यावर दोरीचं वेटोळं आणि त्याला लटकणारा लोखंडी गोळा. मंगळवारी धुराडी तपासायला माणूस येईल अशी नोटीस जिन्यात महिनाभर लागलेली होती, आणि माणूस म्हणून ही आली. चौथ्या मजल्याच्या सामाईक गॅलरीतनं ती चालत येत होती तेव्हा चौकापलीकडची शेजारीण गिझेला कपडे वाळत घालत होती, तिनं हातातली चादर तशीच टाकली, कोटाचं बटण मुठीत घट्ट धरलं आणि ओरडली, "लोरांद, बटण धर, बटण! नशीब चालत येतंय तुझ्या दारात!" धुराडी साफ करणारा दिसला की बटण धरावं, नशीब फळफळतं, असं लोक मानत; लोरांदचा असल्या गोष्टींवर काडीइतका विश्वास नव्हता. "माझ्या स्वेटरला बटणं नाहीत," तो ओरडला. "माझं नशीब चेनवर चालतं." "आणि चेन अडकली की?" असं विचारत ती मुलगी दारात येऊन उभी राहिली. बोलायला तिखट होती, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

घरात शिरल्या शिरल्या तिनं पहिलं काय केलं, तर बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक केली, आणि मान कलती करून ऐकलं. मग दोन हात खाली, पुन्हा टकटक. लोरांद तिथेच थबकला होता. ही मान कलती करण्याची तऱ्हा त्याची होती. कारखान्यात पट्ट्यावरनं बरण्या येत, काकडीच्या, आंबट चेरीच्या, जर्दाळूच्या, आणि तो हातातल्या बारीक लाकडी काडीनं एकेका झाकणावर टिचकी देई. घट्ट बसलेलं झाकण खणखणीत वाजतं. ज्याच्याखाली हवा गेली ते बद्द वाजतं. पुढंपुढं त्याला बघावंही लागत नसे. शेजारच्याशी फुटबॉलवर वाद घालता घालता तो काडी आपटत राही आणि मध्येच हात घालून नेमकी एक बरणी बाहेर काढी. छत्तीस वर्षांत आपली एकही बरणी फुगून परत आली नाही असं तो सांगत असे. दोन आल्या होत्या. त्यांचं सांगत नसे. एवढी वर्षं एकच काम केलं की माणसाच्या अंगात ते मुरतं, आणि लोरांदच्या अंगात हे मुरलं होतं की हवा वाईट. हवा शिरली की नास. जग त्याच्या लेखी दोन प्रकारचं होतं, बंद झालेलं आणि बंद व्हायचं राहिलेलं. आणि अशा माणसाच्या पदरी देवानं घातली एतेल्का, जिला जानेवारीतसुद्धा खिडकी बोटभर उघडी लागे.

त्रेचाळीस वर्षं ही एकच लढाई चालली होती. घरातल्या जुन्या खिडक्या दुहेरी होत्या, आतली एक आणि बाहेरची एक, आणि मधल्या वीतभर जागेत थंडीला अडवायला लांब गुंडाळी उशी ठेवायची. ती उशीही एतेल्कानंच शिवलेली, नाटक कंपनीच्या कपडेपटात ती कामाला होती तिथल्या उरल्यासुरल्या मखमलीची. पण ठेवायची तिरकी. एका टोकाला फट राहायलाच हवी. लोरांद जाता जाता उशी सरळ करी, खिडकी लावी. तो बाथरूममधनं बाहेर येईपर्यंत ती पुन्हा बोटभर उघडी. "रस्ता तापवतेयस का तू?" "तापू दे. रस्त्यालाही थंडी वाजते." "अगं, गॅस जळतोय तिथे!" "म्हणूनच तर," ती म्हणे, आणि पुढं काही सांगत नसे, तोंडात टाचण्या धरायची सवय असलेल्या बायका अर्धवट बोलतात. लोरांद मनात म्हणे, बाईमाणसाचा हट्ट, याला औषध नाही. कधी मोठ्यानंही म्हणे. एकदा तर पाहुण्यांसमोर म्हणाला होता, एतुशला, तो एतेल्काला लाडानं असंच म्हणे, बरणीत भरलं असतं तर ती आतनं झाकण ढकलत बसली असती. सगळे हसले. तीही हसली, पण उठून खिडकीपाशी जाऊन बसली.

सप्टेंबर संपता संपता ती गॅलरीतल्या ओल्या पायरीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. नवं बसवलं, शस्त्रक्रिया चांगली झाली, पण तीन आठवडे नदीपलीकडच्या बुदाच्या हॉस्पिटलात राहायचं होतं. डॉक्टर म्हणाले, घरी आल्यावर ऊब हवी, गारठा बाधेल. बस, लोरांदला तेवढंच ऐकू आलं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्याला जे येतं ते एतुशच्या कामी येईल. तिच्या नकळत त्यानं सगळं काढलं. दुहेरी खिडक्या उचकटून तिथे तीन रबरी पट्ट्यांच्या प्लॅस्टिकच्या खिडक्या. बाहेरच्या दाराला चौफेर रबर. कोठीघरात भिंतीला एक जाळीचं भोक होतं, चौकाकडे उघडणारं, ते सिमेंटनं लिंपून वर रंग. आणि तळणाचा वास तिच्या खाटेपर्यंत जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरात असा जबरदस्त एक्झॉस्ट पंखा, की लावला की टेबलावरचा कागद उडून त्याला जाऊन चिकटे. हिरव्या चिनीमातीच्या फरशांची शेगडी तेवढी तशीच राहू दिली. ती घराइतकीच जुनी, पूर्वी कोळशाची, आता कितीतरी वर्षं आत गॅसचा चुला. तिच्यासमोरच त्यानं एतेल्काची खाट लावली. सगळं झाल्यावर मेणबत्ती पेटवून तो प्रत्येक चौकटीच्या कडेनं फिरला. ज्योत हलली नाही. कोपऱ्यात नाही, बिजागरीपाशी नाही, कुठंच नाही. इतकी बंद खोली त्यानं जन्मात पाहिली नव्हती. भरल्या डोळ्यांनी तो मेणबत्ती हातात धरून उभा राहिला होता, आणि कशाला लपवा, एतुशला तिथे बसलेली कल्पून त्यानं मोठ्यानं म्हटलंही, "बघ, आता येऊ दे थंडी कुठनं येते ती."

आणि ही पोरगी आता त्या शेगडीला सील ठोकत होती. "शुक्रवारी बायको येतेय माझी," लोरांद म्हणाला. "हॉस्पिटलातनं. खुबा बदललाय तिचा. ही खोली तिच्यासाठी केलीय, ही खाट तिची." "म्हणूनच सील करतेय." "अहो, पन्नास वर्षं चाललीय ही शेगडी! तुमच्या जन्माच्या आधीपासनं! कधी काही झालं नाही." "शेगडीला काही झालेलंच नाहीये, काका. धुराडंही साफ आहे, गोळा टाकून बघितला मी, झकास उतरला. झालंय ते घराला." तिनं चिमटा खाली ठेवला. तिला आणखी चार घरं करायची होती, तरी ती खाटेच्या कडेवर टेकली आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "गॅस जळायला हवा लागते. धुराड्यातनं जेवढी हवा वर जाते तेवढी कुठनं तरी आत यायला लागते. पूर्वी ती तुमच्या खिडक्यांतनं यायची, दाराखालनं यायची, कोठीघरातल्या भोकातनं यायची. ते बुजवलंत ना? दिसतंय मला, रंग नवा आहे. आता वरनं तो पंखा बसवलात, तो घरातली हवा बाहेर फेकतोय. घराला श्वास घ्यायला एकच वाट राहिली, धुराडं. म्हणून मी आल्याबरोबर खिडक्या लावून पंखा चालू करायला सांगितला. नुसती शेगडी लावली असती तर कदाचित आरसा स्वच्छ राहिला असता आणि मी सही करून गेले असते." "असं कोणी करतं? सही करून जातं?" "घाईत असलं की करतं," ती म्हणाली. लोरांदला तेव्हा पहिल्यांदा, रागाच्या खालनं, कुठंतरी त्या मुलीचं कौतुक वाटलं. झाकण घट्ट आहे की नाही ते सगळेच बघतात. पट्टा थांबवून, भट्टी चालू ठेवून, वाईटात वाईट होईल तशी परिस्थिती मुद्दाम आणून बघणारा लाखात एक. तो स्वतः तसा होता असं त्याला वाटत आलं होतं. "आणि खिडक्या बसवणाऱ्यांनी नाही सांगितलं काही?" तिनं विचारलं. त्यांनी विचारलं होतं, घरात गॅसचं काही आहे का. लोरांदनंच ऐटीत सांगितलं होतं, तुम्ही खिडक्यांचं बघा, बंद कसं करायचं ते मला शिकवू नका. ते त्याला आत्ता आठवलं. "डोकंबिकं दुखतं का तुमचं?" ती म्हणाली. "रंगाच्या वासानं," तो म्हणाला. तिनं एकदम मान वर करून त्याच्याकडे बघितलं. "आज खिडक्या उघड्याच ठेवा. आणि उद्या डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून घ्या. आरशाचं सांगा त्यांना. ऐकताय ना, काका?" तो हो म्हणाला.

ती गेल्यावर तो खाटेवर बसून सीलकडे बघत राहिला. पकड स्वयंपाकघराच्या दुसऱ्या खणात होती. असली सीलं त्यानं स्वतः ठोकली होती आणि गरज पडली तेव्हा मागमूस न ठेवता काढलीही होती; अर्ध्या मिनिटाचं काम. शुक्रवारपर्यंत दुसरी ऊब कुठनं आणायची? विजेचा हीटर लावावा तर जुन्या तारा दम धरायच्या नाहीत. आणि मेला तो पंखा नाही लावला म्हणजे झालं, खिडकी किंचित... इथं मात्र त्याचा विचार अडला. खिडकी किंचित काय? नव्या खिडकीला किंचित नव्हतंच. ती एकतर घट्ट मिटे नाहीतर सताड उघडे. बोटभर उघडी राहणारी खिडकी आता या घरात एकही नव्हती, ती त्यानं उचकटून खाली चौकात कचऱ्याच्या डब्याशेजारी नेऊन ठेवली होती, मखमली उशीसकट. तो उठून स्वयंपाकघरात गेला, खण उघडला, पकड हातात घेतली. आणि मग डोकं इतकं ठणकलं की त्यानं पकड तशीच ओट्यावर टाकून कोट घातला. भेटीची वेळ तीनची होती. एतुशजवळ बसलं की डोकं उतरतं, हे त्याला या दोन आठवड्यांत समजलं होतं. सकाळी उठावं तर कवटी जड, तोंड कडवट, उठवत नाही; दहा-दहा वाजेपर्यंत झोप; दूध उतू जातंय हे बघत उभं राहावं आणि गॅस बंद करायचं सुचू नये. आणि दुपारी तिच्या खाटेशी जाऊन बसलं, तिनं म्हटलं, 'आज दाढी नाही केलीस?', की डोकं हलकं. त्रेचाळीस वर्षांत आपण बायकोवर इतकं प्रेम करतो हे त्याला कळलं नव्हतं. घर ओकं झाल्यावर कळलं, असं तो मनाशी म्हणत असे. तिला सांगितलं नव्हतं, या वयात कसं सांगणार, पण त्या दुखऱ्या डोक्याचाही त्याला थोडा अभिमान वाटू लागला होता.

ट्राममध्ये खिडकी उघडी होती. तिसऱ्या थांब्यावर त्याच्या लक्षात आलं की ठणका कमी झालाय. पूल अजून यायचा होता. डॅन्यूब ओलांडेपर्यंत डोकं साफ मोकळं झालं होतं, आणि हॉस्पिटल अजून चार थांबे लांब. तो ताडकन उठून उभा राहिला, समोरच्या बाईनं 'उतरायचंय का, आजोबा?' म्हणून विचारलं, तर तो 'नाही' म्हणून पुन्हा बसला. म्हणजे एतुशमुळे उतरत नव्हतं. रोज इथेच, या पुलावरच उतरत असणार. तिच्यापर्यंत पोचेपर्यंत ते उतरलेलंच असणार. वाईट काय वाटावं माणसाला! घरात विष साठतंय याचं नाही वाटलं. वाटलं ते हे, की आपलं प्रेम म्हणजे बुदाची हवा निघाली. असा तो दोन थांबे बसून राहिला. मग मात्र दुसरी गोष्ट हळूहळू वर आली. आज मंगळवार. ही पोरगी आज आलीच नसती, शुक्रवारी आली असती, तर? शुक्रवारी एतुशला आणून त्या खाटेवर निजवायची, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून गळ्यापर्यंत पांघरूण घालायचं, दार लावायचं, शेगडी मोठी करायची, तिच्यासाठी बटाट्याचे काप तळायला घ्यायचे, पंखा लावायचा, तिला वास येऊ नये म्हणून. ती म्हणाली असती, जरा खिडकी उघड रे. आणि त्यानं हसून म्हटलं असतं, आता काही उघडत नाही, झोप. उठता येत नसलेल्या बाईला तो असं म्हणाला असता. हॉस्पिटलात एतेल्का म्हणाली, "काय रे, आज तोंड असं का?" तो खोटंच म्हणाला, "डोकं दुखतंय." "तुझं हल्ली रोजच दुखतं. घरात काय चाललंय काय तुझं?" "काही नाही. तुझी खोली करतोय." त्यानं तिचा हात हातात घेतला. बोटांच्या टोकांना सुयांची जुनी भोकं होती, त्यांवरनं तो अंगठा फिरवत राहिला. तिला काही माहीत असणार, असं त्याच्या मनात पक्कं होत गेलं. त्रेचाळीस वर्षं उगाच कोणी थंडीत खिडकी उघडी ठेवत नाही. आपण जिला हट्टी म्हटलं ती रोज उठून, टोमणे खाऊन, काही न बोलता आपल्याला जिवंत ठेवत होती.

बुधवारी सकाळी त्यानं स्वतः छिन्नी घेऊन कोठीघरातलं सिमेंट फोडलं. स्वतः लिंपलेलं स्वतः फोडायचं म्हणजे आपलाच कान आपणच पिळायचा; पण तो पिळायला हवा होता. चेंगेनं तिच्या ओळखीचा एक मिस्त्री पाठवला होता. त्यानं कमी बोलून जास्त काम केलं. एक्झॉस्ट पंख्याचा बाहेर जाणारा नळ काढून तोंड बंद केलं आणि पंखा असा फिरवला की तो वास गाळून हवा घरातच सोडेल. आणि दोन्ही खिडक्यांच्या वरच्या चौकटीत यंत्रानं लांबट भोकं पाडून तिथे हवा आत घेणाऱ्या पट्ट्या बसवल्या, ज्या कोणी म्हटलं तरी पूर्ण मिटत नाहीत. नव्या चौकटीत यंत्र शिरलं तेव्हा लोरांद तोंड फिरवून उभा राहिला. डॉक्टरकडे जा म्हणून तिनं बजावलं होतं, ते त्याच्या डोक्यातनं साफ गेलं. काम होतं ना समोर. गुरुवारी दुपारी चेंगे पुन्हा आली. घाईत नव्हती. तिनं भोक बघितलं, हात घालून बघितला, म्हणाली, "काका, तुम्ही फोडलंत? कडा कसल्या साफ काढल्यात." एवढ्यावर लोरांदचे कान तापले. मग तिनं सगळी दारं-खिडक्या लावून घेतल्या, सील काढलं, शेगडी पेटवली, पंखा पूर्ण सोडला आणि घड्याळ लावून गप्प उभी राहिली. दहा मिनिटं. गप्पा मारत नाही, फोन बघत नाही. नजर जाळीवर, कान धुराड्याच्या भिंतीकडे. लोरांदनं आयुष्यात पुष्कळ तपासनीस बघितले होते, सहीची घाई असलेले, जेवणाची घाई असलेले, साहेबाला खूश करणारे. दहा मिनिटं म्हटल्यावर दहा मिनिटं उभी राहणारी ही एकच. आपल्याला मुलगी असती तर, असं काहीतरी त्याच्या मनात आलं, आणि त्यानं ते जाऊ दिलं. "घ्या," ती म्हणाली आणि आरशाची दांडी तिनं त्याच्याच हातात दिली. "तुम्हीच धरा. माझ्यावर विश्वास ठेवायचं काही कारण नाही." त्यानं धरला. दुसऱ्या हातानं मनगटही धरलं. आरशात हिरव्या फरशीचा तुकडा दिसत होता, तिची काळी बाही दिसत होती, त्याची स्वतःची पांढरी भुवई दिसत होती. दिसत राहिली. डबीवर शून्य. त्यानं पुन्हा वर, डावीकडे, उजवीकडे धरून बघितला, पार जाळीला टेकवून बघितला. "पुरे आता, आरसा झिजेल," चेंगे म्हणाली. मग छताखाली धोक्याची घंटा बसवून, तिचं बटण दाबून ती एकदा केकाटवून दाखवून, ती गेली. जाताना दारात थांबली. "डॉक्टरकडे गेलात?" "जाईन, जाईन." "नशीबवान आहात हो," ती म्हणाली, आणि लोरांदनं मान डोलावली. त्याला वाटलं ती शुक्रवारबद्दल बोलतेय.

शुक्रवारी दोन माणसांनी एतेल्काला खुर्चीसकट वर आणलं. गिझेला गॅलरीतनं सूचना देत होती, त्या कोणी ऐकल्या नाहीत. एतेल्कानं खोली बघितली. खिडक्यांकडे तिनं जरा जास्त वेळ बघितलं. तीन आठवड्यांत ती निम्मी झाली होती. शेगडी चालू होती, फरशा हाताला चांगल्या लागत होत्या. लोरांदनं तिला खाटेवर बसवलं, पाठीशी उशा दिल्या, गुडघ्यांवर पांघरूण घातलं आणि चहा आणला. तिनं कप दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "लोरांद, कुठनं तरी वारा येतोय रे." "येतोय." "मानेवर लागतोय. बंद कर की." "नाही करणार." कप तिच्या ओठांपाशी थांबला. "काय म्हणालास?" "नाही करणार म्हणालो. ती फट बंद होत नाही. शाल देतो तुला, गरम पाण्याची पिशवी देतो, मोजे घालतो. फट राहणार." "तू आहेस ना हा? का माझ्या माघारी दुसरा कोणी आणून ठेवलाय?" आणि मग तो तिच्या पायांशी स्टुलावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. खिडक्या, रबर, कोठीघर, पंखा. मेणबत्तीसुद्धा सांगितली, जी सांगायची नाही असं ठरवलं होतं. आरसा कसा पांढरा होत गेला ते सांगितलं. "मी तुला मारलं असतं, एतुश," तो म्हणाला. "पांघरूण घालून, दार लावून, तुझ्याच सुखासाठी. आणि तू मात्र त्रेचाळीस वर्षं... तुला माहीत होतं ना? मी टोमणे मारायचो आणि तू गप्प उघडत राहायचीस. कधी सांगितलं का नाहीस?" "काय माहीत होतं?" "हेच. धुराड्याचं. हवेचं." "मला रे काय माहीत? मला कोंडल्यासारखं व्हायचं. आणि तू संध्याकाळी बूट काढलेस की आणखीच व्हायचं." "पण 'म्हणूनच तर' म्हणायचीस!" "काहीतरी म्हणायला नको? तुझ्याशी वाद घालायला मला वेळ कुठं होता?" तरी त्याच्या मनातली ती काही तसूभरही खाली आली नाही. माहीत असून उघडी ठेवली असती तर ती हुशार ठरली असती. माहीत नसताना, नवरा रोज डोकं खात असताना, आपल्या जिवाला काय हवं ते तिनं सोडलं नाही, आणि त्यावर दोघं जगली. त्याला हसू आलं आणि रडू आलं. "हसतोस काय," ती म्हणाली, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. भुवया जवळ आल्या होत्या.

"तुझं डोकं दुखायचं," ती म्हणाली. "हॉस्पिटलात यायचास तेव्हा सांगायचास." "हो. थोडं." "किती दिवस?" "खिडक्या बसल्यापासनं. दहा-बारा दिवस." "आणि झोप यायची." "यायची. दहापर्यंत डोळा उघडायचा नाही." "आणि शेगडी तू रोज पेटवायचास?" "रंग सुकायला नको? दार उघडं ठेवून मी पलीकडच्या खोलीत..." तो बोलायचा थांबला, कारण एतेल्कानं कप खाली ठेवला होता आणि तो बशीत नीट बसला नव्हता, चहा पांघरुणावर सांडला होता आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. "रोज तीन वाजता मी दाराकडे बघत असायचे," ती म्हणाली. "ट्राम चुकली की तू सव्वातीनला यायचास. एखाद्या दिवशी साडेतीन. मग चार. आणि मग तू आलाच नसतास. मी तिथे बसून जेली खात बसले असते, आणि म्हटलं असतं, आज आला नाही, कुठंतरी खिळे विकत घेत हिंडत असेल." "माझं काय गं, मी तर..." "गप्प बस!" तिनं मूठ उगारली आणि त्याच्या छातीवर मारली. पहिल्या खेपेला जोरच नव्हता. दुसरी लागली. "चार दिवस डोक्यात घोळवतोयस, एतुश मेली असती, एतुश मेली असती. मी होते का इथे? या घरात कोण होतं? कोण झोपत होतं इथे, गाढवा?"

खरंच, कोण होतं? ट्राममध्ये, छिन्नी मारताना, आरसा धरताना त्यानं ती खोली हरतऱ्हेनं डोळ्यांसमोर आणली होती, आणि प्रत्येक वेळी खाटेवर ती होती, तो नेहमी दारातनं बघणारा. दूध उतू जाताना बघत उभा राहिलेला माणूस कोण होता, हे त्यानं स्वतःला विचारलंच नव्हतं. त्या मुलीनं दारात कोणाला नशीबवान म्हटलं ते त्याला आत्ता समजलं, डॉक्टरकडे कोणी जायचं होतं तेही. एतेल्का रडत होती. ती फारशी रडणारी नव्हती, आवाज कसा करायचा तेही तिला येत नव्हतं. "खिडकी उघड," ती म्हणाली. "अगं, फट आहे ना. पुरेशी आहे, बघितलंय आम्ही, गारठा बाधेल तुला." "बाधू दे. उघड सगळी." त्यानं उठून उघडली. खालनं चौकातला आवाज आला, गिझेला कोणाला तरी एतेल्का आल्याची बातमी देत होती. तो परत येऊन स्टुलावर बसला आणि तिनं त्याचा हात ओढून मांडीवर घेतला, तीन आठवडे नर्स तिचं धरत होत्या तसं मनगट धरलं आणि अंगठा इकडे तिकडे सरकवत नाडी शोधली. "एतुश, मी बरा आहे," तो म्हणाला. "उद्या डॉक्टरकडे जायचंस. गिझेलाला घेऊन. आता हलू नकोस," ती म्हणाली. "मोजतेय."